‘व्हय’ म्हणणारी बाई

ती घटना आठवायला मला जोर लावावा लागत नाही. विसरायला लावतो, पण निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी ती जागची हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, धरणातून प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं पुसट झालं. ही केस नुसत्या कागदपत्रांची होती, कुणाला खरचटलंही नव्हतं. तरी अजून कुणी ‘व्हय सायेब’ म्हटलं की मी हातातलं काम सोडून त्याच्याकडं बघतो.

भोर-वेल्हे भागातल्या एका डोंगरी ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. ठाण्याचं नाव घेत नाही, माणसांचीही घेणार नाही. ती माणसं अजून त्याच रस्त्यानं बाजाराला जातात. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग टपाल, असा आमचा दिवस उगवायचा. त्या सुमाराला परदेशी घुसखोर शोधायची मोहीम चालू होती. रोज संध्याकाळी वरून फोन यायचा, ‘‘तुमच्याकडून काय?’’ आमच्याकडे काय असणार? बिबट्या आणि वाट चुकलेले ट्रेकर. ‘निरंक’ कळवून कळवून मलाच लाज वाटायला लागली होती.

अशात एक निनावी अर्ज आला. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई. अमुक वाडीतल्या टेम्पोवाल्याची बायको बांगलादेशी आहे, तिची दोन नावं आहेत, चौकशी व्हावी. आता निनावी अर्ज लिहिणारा माणूस बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध लिहितो त्याच्या बांधाला बांध लावूनच असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पुढं तसंच निघालं. पण खरं सांगतो, त्या सकाळी ते पान हातात आल्यावर मला आनंद झाला. संध्याकाळच्या फोनला उत्तर मिळालं होतं.

महिला शिपायाला घेऊन मी वाडीवर गेलो. वेल्ह्याहून गुंजवण्याकडे जाताना आत वळलं की ती वाडी लागते. भातकाढणीचे दिवस होते. अंगणात एक तिशीच्या आतली बाई भात पाखडत होती. जीप दिसली आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. पदराला चार-पाच वर्षांची मुलगी लटकलेली. सासू आतून धावत आली. नवरा टेम्पो घेऊन पुण्याला गेला होता.

सगळी हकिगत सासूनंच सांगितली. सून लग्नाआधी कापूरहोळच्या एका ढाब्यावर चपात्या लाटायला होती. तिला आई नाही, बाप नाही. पोरगा तिथं टेम्पो थांबवायचा. जमलं, देवळात लग्न लावलं. ‘‘गुणाची हाय, सायेब. आमच्या पोरास्नी कोन पोरगी देतंय डोंगरात?’’

आधारकार्ड होतं, पण लग्नानंतर काढलेलं. ढाब्याच्या जुन्या ओळखपत्रावर मात्र दुसरंच नाव. मी ते बोटानं दाखवलं.

‘‘लग्नात बदाललं की,’’ सासू म्हणाली. ‘‘ताटात तांदूळ पसारलं, अंगठीनं नवं नाव लिवलं. तुमच्या मालकिणीचं न्हाई बदाललं?’’

बदललं होतं. माझ्या बायकोचं माहेरचं नाव मी स्वतः अंगठीनं तांदळात पुसलं होतं. पण चौकशीला निघालेल्या माणसाला स्वतःचं घर आठवत नाही. मी पंचनामा लिहायला घेतला.

ठाण्यात तिला समोर बसवलं. महिला शिपाई शेजारी होती. बाईची मराठी आमच्या हवालदारापेक्षा गावरान. सासूकडून उचललेली, हेलसुद्धा तोच. त्यामुळं दुभाषी हवा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

‘‘गाव कुठलं?’’

‘‘गाव न्हाई.’’

‘‘माणसाला गाव नसतं होय गं?’’

‘‘हुतं. आता न्हाई.’’

‘‘हे बघ, उडवाउडवी करू नको. बांगलादेशातून आलीस ना?’’

तिनं महिला शिपायाकडं पाहिलं. माझ्या टेबलावरच्या काठीकडं पाहिलं. मग म्हणाली, ‘‘व्हय.’’

‘‘चोरून बॉर्डर ओलांडलीस?’’

‘‘व्हय.’’

मी तिच्यावर हात उचलला नाही. आवाजसुद्धा फार चढवला नाही. त्याची गरजच पडली नाही. ती अशी कापत होती की पाण्याचा पेला तिला दोन्ही हातांनी धरता येईना. चोराच्या मनात चांदणं, हे आम्ही भरतीपासून ऐकत आलेलो. घाबरतंय म्हणजे काहीतरी केलंय. मी डायरीत नोंद केली आणि संध्याकाळचा फोन यायची वाट न बघता आपणच वर फोन लावला.

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे नव्या शिपायालाही माहीत असतं. पण परदेशी नागरिकांच्या कायद्यात आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं आरोपीच्याच डोक्यावर असतं आणि तिच्याकडं तसा कागद नव्हता. महिन्याभरात दोषारोपपत्र गेलं. तोवर ती कोठडीतच होती, जामीन मागायचा असतो हे सांगणारं शहाणं माणूस तिच्या घरी कोणी नव्हतं.

कोर्टाच्या तारखेला सासू आली. व्हरांड्यात बाकावर सुनेला जवळ घेऊन तिनं जे सांगितलं ते शब्दन्‌शब्द मला पाठ आहे.

‘‘हे बघ पोरी. आत सायेब इचारतील, कबूल हाय का. तू व्हय म्हनायचं. आडवं बोलायचं न्हाई आन्‌ वकील बी मागायचा न्हाई, वकील घेतला की तारखा वाढत्यात. तुझा सासरा दोनदा आलाय हितं, जंगलातली लाकडं तोडली म्हनून. व्हय म्हनला, दंड भरला आन्‌ दुपारच्या एसटीनं घरी.’’

आमच्या भागात कोर्ट म्हणजे हेच. वनखात्याची केस असो, दारूची असो की टेम्पोत माणसं भरल्याची, कबूल म्हणायचं, दंड भरायचा आणि शेतावर जायचं. म्हातारीनं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात खात्रीचं शहाणपण सुनेला दिलं होतं. मग तिनं माझ्याकडं मान वळवली.

‘‘खरं का न्हाई, सायेब?’’

मी तिथंच उभा होतो, तीन हातांवर. ही लाकडाची केस नाही हे मला माहीत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण कबुली मिळाली तर केस आजच संपणार होती. साक्षीदार नको, उलटतपास नको. मी मान हलवली.

आत सगळं पाच-दहा मिनिटांत उरकलं. दोषारोप वाचून दाखवला, समजला का विचारलं. ‘‘व्हय.’’ वकील हवा का? ‘‘न्हाई.’’ गुन्हा कबूल आहे? ‘‘व्हय.’’ कुणाच्या दबावाखाली सांगतेस का? इथं तिनं जरा माझ्याकडं पाहिलं. ‘‘न्हाई.’’

सहा महिने साधी कैद आणि शिक्षा भोगून झाल्यावर मायदेशी परत पाठवण्याची कारवाई.

म्हातारी पदराची गाठ सोडून दंडाचे पैसे हातात घेऊनच बसली होती. ती मला म्हणाली, ‘‘मंग आता कितीची एसटी धरायची?’’ तेवढ्यात महिला शिपायानं सुनेचं मनगट धरून तिला दुसऱ्या दारानं न्यायला सुरुवात केली. तेव्हा त्या बाईला कळलं. ‘‘आत्याबाई!’’ अशी तिनं हाक मारली की बाहेरचे टायपिस्टसुद्धा थांबले. म्हातारी उठली, दोन पावलं गेली आणि मटकन खाली बसली.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी म्हातारी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. रडायची नाही, शिव्या द्यायची नाही. नातीला मांडीवर घेऊन बसायची आणि शेवटच्या एसटीला निघून जायची. मी मागच्या दारानं ये-जा करायला लागलो. ठाण्याचा प्रभारी अधिकारी एका म्हातारीच्या भीतीनं मागच्या दारानं जायचा, काय म्हणावं याला!

शिक्षेचे साडेतीन महिने सरले असतील. परत पाठवण्याआधी एक नमुना भरावा लागतो. परदेशातलं गाव, तिकडचं पोलीस ठाणं, नातेवाईक. तो भरायला मी पुण्याच्या कारागृहात गेलो. बाई वाळून काटकी झाली होती.

‘‘तिकडचं गाव सांग.’’

‘‘गाव न्हाई.’’

‘‘ठाणं?’’

‘‘तुमी लिवा, सायेब. काय बी लिवा.’’

माझं डोकं फिरलं. एवढ्या लांब यायचं आणि हिचा तोच पाढा. मी चिडून विचारलं, ‘‘तुमच्या वाडीतून तोरणा दिसतो ना?’’

‘‘व्हय.’’

‘‘तो किल्ला तूच बांधलास का?’’

‘‘व्हय, सायेब.’’

दारातली पहारेकरीण फिस्सकन हसली. मग तिचंही हसू विरलं. बाई माझ्याकडं बघत होती, खालचा ओठ दाताखाली धरून, उत्तर बरोबर आलं की नाही याची वाट बघत. ‘‘आता सोडनार का?’’ तिनं विचारलं.

तीस वर्षं मी माणसं बोलती केली, त्याचा मला ताठा होता. त्यातल्या किती जणांनी मला तोरणा बांधल्याचं कबूल केलं असेल? मी पेनाला टोपण लावलं, नमुना घडी करून खिशात घातला आणि खुर्ची जरा मागं सरकवली. ‘‘लहानपणी घर कुठं होतं, ते सांग. मी काही लिहीत नाही,’’ मी म्हणालो.

ती हळूहळू बोलायला लागली. गंगेच्या काठी. दर साली नदी काठ खायची. घर दोनदा मागं नेलं, तिसऱ्यांदा मागं न्यायला जमीनच उरली नाही. देऊळ, विहीर, गाव सगळं पाण्यात गेलं. मग बाप बांधकामावर शहरं फिरला, पुण्याकडं आला आणि इथंच वारला. जिल्ह्याचं नाव तिला येत होतं. तो जिल्हा सीमेजवळचा खरा, पण पश्चिम बंगालातला. आपल्याच देशातला.

पण हेही ती भीतीपोटी सांगत नव्हती कशावरून? मला माझ्याच कानांचा भरवसा राहिला नव्हता. ठाण्यावर आलो तर बाजारचा दिवस, म्हातारी पायरीवर. या खेपेला मी पुढच्या दारानं गेलो आणि तिच्याशेजारी टेकलो.

‘‘मावशी, सून म्हणते गाव पाण्यात गेलं.’’

म्हातारीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी शाळकरी पोर वाटलो असेन. ‘‘मंग बराबरच हाय की! माझं म्हायेर बी पान्यात हाय. गुंजवण्याचं धरण झालं तवा गेलं. मला कुनी इचारलं तुझं गाव कुठं, तर म्या काय पान्याकडं बोट करू? गाव न्हाई आसंच म्हननार.’’

मी म्हणालो, ‘‘पण कागद कुठून आणायचा? गावच नाही तर दाखला देणार कोण?’’

‘‘साळा,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘गाव बुडतं, साळंचं रजिस्टर बुडत न्हाई. आमच्या मास्तरनं घरची भांडी ऱ्हाऊ दिली आन्‌ रजिस्टरांची पेटी डोक्यावर घेतली. नवी साळा जितं बसली तितं पेटी. माझ्या भावाला धरणग्रस्ताचा दाखला काढायचा हुता, तर बुडालेल्या साळंचा उतारा नव्या साळंत मिळाला. तिची साळा कुठं नेली ती बघा की.’’

अहो, मी पदवीधर, कायदा शिकलेला. हे मला सुचलं नव्हतं.

भोरमध्ये एक वकीलबाई होत्या, गरिबांच्या केसेस बिनफीच्या लढवायच्या. त्यांच्याकडं गेलो. फिर्यादी पक्षाचा तपासी अधिकारी आरोपीच्या बाजूनं वकिलाकडं जातो हे त्यांनाही नवीन होतं. त्यांनी कागद शांतपणे वाचले.

‘‘साहेब, गुन्हा कबूल करून शिक्षा झाली की त्यावर अपील चालत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढंच म्हणता येतं. आणि शिक्षा कमी करून आपल्याला काय करायचंय? कमी झाली तर ती आणखी लवकर सीमेवर जाईल.’’

‘‘मग दारच बंद?’’

‘‘एक खिडकी आहे. सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करायचा. मुदत उलटून गेलीय, तिची माफीही मागायची. कबुली समजून-उमजून दिलेली नव्हती, हे दाखवावं लागेल. सासू सांगेल, पण ती घरचीच. व्हरांड्यात तेव्हा आणखी कोण होतं?’’

चहा समोर आला होता. मी तो उगाच ढवळत बसलो.

‘‘मी होतो,’’ मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि कोरा कागद पुढं ओढला. ‘‘प्रतिज्ञापत्र कराल?’’

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. खातेनिहाय चौकशी लागली तर पेन्शन लटकणार, मुलीचं लग्न ठरायचं होतं. त्या आठवड्यात मी नीट जेवलो नाही. शेवटी बायकोला सांगितलं. ती पोळ्या करत होती, मागं वळलीसुद्धा नाही. ‘‘उद्या मला कुणी विचारलं की लग्नाआधी तू कोण होतीस, कागद दाखव, तर तुम्ही काय दाखवाल?’’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी सही केली.

तिनं सांगितलेल्या जिल्ह्याच्या पोलिसांना मी पडताळणीचं पत्र पाठवलं. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवलं. उत्तर नाही. शिक्षेचे दिवस भराभर सरत होते, आणि ज्या दिवशी संपतील त्या दिवशी पथक तिला घेऊन निघणार होतं. पलीकडं नेऊन सोडलं की तिला विचारणार कोण आणि परत आणणार कोण? तिथंही ती प्रत्येकाला ‘व्हय’च म्हणाली असती. हा विचार आला की मी ठाण्यात एका जागी बसू शकत नसे.

शेवटी नवराच टेम्पो वाडीवर उभा करून, बायकोचा फोटो खिशात घालून रेल्वेनं गेला. भाषा येत नाही, कुणी ओळखीचं नाही. बायकोनं तुरुंगातल्या भेटीत सांगितलेलं शाळेचं नाव आणि रुळाच्या तुकड्याची घंटा, एवढी खूण. शाळा दोनदा हलली होती. तिसऱ्या ठिकाणी एका मुख्याध्यापकांनी वाळवी लागलेलं रजिस्टर काढलं. त्यात तिचं माहेरचं नाव होतं, बापाचं नाव होतं, जन्मतारीख होती. त्यांनी उतारा दिला आणि स्वतः त्याला घेऊन तिथल्या ठाण्यात गेले. मग माझ्या पत्राला उत्तर आलं. सदर महिला भारतीय नागरिक असल्याचं दिसून येतं. शिक्षा संपायला अकरा दिवस होते.

त्याच आठवड्यातल्या सुनावणीला सत्र न्यायाधीशांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

‘‘सासूनं विचारलं, आणि तुम्ही मान हलवली?’’

मागं माझ्याच खात्याची माणसं बसली होती. ‘‘होय, साहेब,’’ मी म्हणालो.

कबुली रद्द झाली, शिक्षा रद्द झाली, प्रकरण नव्यानं चालवायला खालच्या कोर्टात गेलं. या वेळी पुण्याहून दुभाषी बोलावला होता. त्यानं बंगालीत दोषारोप वाचायला सुरुवात केली आणि बाई रडायला लागली. इतक्या वर्षांत तिच्याशी त्या भाषेत कुणी बोललंच नव्हतं. गुन्हा कबूल आहे का, असं त्यानं विचारलं. तिनं आधी सासूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली, चुकूनही हलू नये म्हणून.

‘‘न्हाई,’’ ती म्हणाली. आवाज इतका बारीक की न्यायाधीशांना परत विचारावं लागलं. पुढं कागद दाखल झाले आणि ती निर्दोष सुटली.

माझी चौकशी झाली. सेवापुस्तकात सक्त ताकीद लागली, पेन्शन वाचली. मी काही शूरपणा केला असं कुणी समजू नये. जे मी बिघडवलं त्यातलं थोडंसं मी दुरुस्त केलं, तेही एका निरक्षर म्हातारीनं वाट दाखवली म्हणून. नव्या पोरांना मी एवढंच सांगत आलो, समोरचा थरथरतोय हा पुरावा नव्हे. आणि तो प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत असेल तर प्रश्न थांबवा, त्याला आधी पाणी द्या.

निवृत्तीनंतर म्हातारीचा निरोप आला, जत्रेला जेवायला या. गेलो. साधा सदरा, पायात चपला, एसटीनं. म्हातारीनं घोंगडी अंथरली आणि आत हाक मारली, ‘‘अगं, पानी आन. सायेब आल्यात.’’

ती तांब्या-भांडं घेऊन आली. काखेत प्लॅस्टिकची पिशवी होती. तांब्या ठेवला, खाली बसली आणि पिशवीतले कागद एकेक करून माझ्यासमोर मांडायला लागली. निकालाची नक्कल, शाळेचा उतारा, आधारकार्ड, लग्नाचा फोटो. मी तिला काहीही विचारलं नव्हतं.

‘‘अगं पोरी, राहू दे ते,’’ मी म्हणालो. ‘‘मी आता पोलीस नाही. जेवायला आलोय.’’

‘‘व्हय, सायेब,’’ ती म्हणाली, आणि उरलेले कागद मांडत राहिली.